हिडकलच्या पाण्यावर वापरलेला विंडसर्फिंग बोर्ड : एका हिवाळ्याचा अनुभव

गोव्यात विंडसर्फिंगचे, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर सरकण्याचे, तीन दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले, पण सरावासाठी दर रविवारी चोर्ला घाट उतरणे बेळगावात नोकरी करणाऱ्या माणसाला जमण्यासारखे नाही. म्हणून दिवाळीनंतर तिकडच्याच एका विक्रेत्याकडून वापरलेला बोर्ड व शीड असा संच 28,000 रुपयांना घेतला आणि पाटबंधारे खात्याची परवानगी काढून घटप्रभेवरील हिडकल जलाशयात हिवाळाभर वापरला.

बोर्ड 205 लिटरचा आणि सुमारे 90 सेंटिमीटर रुंद आहे. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन पेलते. माझे 72 किलो आणि साहित्याचे वीस-बावीस किलो धरले, तरी निम्म्याहून अधिक क्षमता शिल्लक राहते आणि नवख्या माणसाला पाय सरकवून उभे राहायला उसंत मिळते. मधोमध पाण्यात सोडायचे पाते, म्हणजे डॅगरबोर्ड, बोर्डाला आडवे वाहून जाऊ देत नाही. अरुंद, चपळ बोर्डाच्या मोहात नवशिक्याने मुळीच पडू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

शीड अवघे 4 चौरस मीटरचे आहे आणि तेच योग्य आहे. पाण्यात पडलेले शीड दोरीने उचलताना त्यावर साचलेले पाणी इतके जड लागते की पहिल्या दिवशी माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. मात्र वारा पाठीवर घेऊन, गुडघे वाकवून, हात सरळ ठेवून अंगाचा भार मागे टाकला, की पाणी कडेने निथळते आणि शीड एकाएकी हलके होऊन वर येते. त्या क्षणी ओढ सैल केली नाही, तर आपण पाठीवर पडतो.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. डोलकाठी बोर्डाला जोडणारा रबरी सांधा नवा असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. घरी वाकवून पाहिला तेव्हा त्यावर बारीक भेगा दिसल्या. तो पाण्यात तुटला असता तर शीड बोर्डापासून सुटले असते, म्हणून मी नवा बसवूनच पाण्यात उतरलो. जुना संच घेणाऱ्याने हा सांधा आधी वाकवून पाहावा.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा पूर्वेकडून येतो. हिडकलला तो धरणाच्या भिंतीकडून फुगवट्याकडे वाहतो, त्यामुळे तोल गेला तरी आपण भिंतीपासून दूरच जातो. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा नेमका भिंतीकडे लोटतो, म्हणून त्या महिन्यांत बोर्ड घरीच राहिला पाहिजे. मासेमारीच्या जाळ्यांपासून लांब राहावे आणि लाइफ जॅकेट अंगावरून काढू नये. राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगाव शहराला पिण्यासाठी जाते, तिथे हा खेळ नेण्याचा विचारही नको.

पुढच्या हिवाळ्यात 5.5 चौरस मीटरचे शीड घेणार आहे. बोर्ड मात्र हाच ठेवणार आहे.