१५ एचपी आउटबोर्डला (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला) नवा पंखा (प्रोपेलर) बसवला, सीझनभर वापरल्यानंतरचा अनुभव

खाडीत नि खडपांच्या (पाण्यातल्या खडकांच्या) आसपास बोट चालवणाऱ्याने स्टीलच्या मागे न लागता ॲल्युमिनियमचाच पंखा घ्यावा, हे सीझनभर वापरून माझं पक्कं मत झालंय.

आमची फायबरची होडी मालवणजवळच्या देवबागला असते, इंजिन यामाहाचं १५ एचपी टू-स्ट्रोक. पावसाळा संपता संपता कर्ली नदीतून वाहत आलेला ओंडका पंख्यात आला, एका पात्याचा तुकडा उडाला, दुसरं वाकलं. आधी वेल्डिंग मारून, ठोकून सरळ करून घेतलं. हळू चालवताना ठीक वाटायचं पण थ्रॉटल वाढवला की हँडल हातात थरथरायचं. पाती वजनाला आणि कोनाला सारखी नसली की तो हादरा शाफ्टच्या बेअरिंगला आणि ऑइल सीलला बसतो, आणि एकदा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की खर्च कुठच्या कुठे जातो, म्हणून सरळ ॲल्युमिनियमचा नवा आणला.

जुना पंखा सव्वानऊ इंच व्यासाचा, दहा पिचचा. पिच म्हणजे पाणी अजिबात निसटलं नाही असं धरून पंखा एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे जाईल ते. नवा घेताना व्यास तोच ठेवला, पिच नऊ घेतला, कारण आमच्या होडीत माणसं, जाळी, बर्फ असा लोड कायमच, आणि फुल थ्रॉटलला इंजिन ५००० आरपीएमलासुद्धा (मिनिटाला होणारे फेरे) पोचत नव्हतं. एक इंच पिच उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, आमचे तेवढेच वाढले (प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर लावलाय त्यावर बघितलं). भरलेली होडी आता पटकन उचलते! रिकामी असताना टॉप स्पीड थोडा गेला हे खरं, शिवाय तेव्हा ५५०० च्या वर जाऊ नये म्हणून थ्रॉटल सांभाळावा लागतो.

बसवायला काही अवघड नाही. किल-कॉर्ड (ओढली की इंजिन बंद पाडणारी दोरी) आणि प्लगच्या वायरी मात्र आधी काढाच, पंखा हाताने फिरवला तरी इंजिन चालू होऊ शकतं. वॉशर कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा, शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात पंखा शाफ्टला असा धरतो की पुढच्या वेळी निघत नाही. स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) दरवेळी नवीन. आणि पंखा काढलाच आहे तर मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का बघा, तो ऑइल सील कापतो, मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं.

नंतर सुकतीला (ओहोटीला) एकदा नवा पंखा खडपाला घासला तेव्हा पात्याची कड मुडपली, गिअरला काही झालं नाही. स्टीलचं पातं सहजी वाकत नाही, त्यामुळे दणका आत जास्त जातो. कड कानशीने घासून घेतली, अजून थरथर नाही. जुना वेल्डिंगवाला पंखा आता होडीतच स्पेअर म्हणून असतो, सोबत पाना, पक्कड आणि दोन-चार पिना, हळूहळू किनाऱ्याला यायला तेवढं पुरतं.