पुण्यातला गॅलियम डोटाटेट स्कॅन: इंजेक्शनला पैकीच्या पैकी, रिपोर्टला काठावर पास

सीटी गाठ केवढी ते सांगतो. गाठीत एसएसटीआर२ हे जनुक कामाला लागलंय का, ते हा पेट स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो) सांगतो. जनुक काही थेट दिसत नाही. त्याने घडवलेला रिसेप्टर (हार्मोन पकडणारं प्रथिन) पेशीवर असेल, तर किरणोत्सारी गॅलियम लावलेलं डोटाटेट हे पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) तिथे चिकटतं आणि ती जागा उजळते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीवर) ल्युटेशियम-१७७ चा, म्हणजे त्याच रिसेप्टरवर किरणोत्सारी औषध पोचवण्याचा उपचार द्यायचा का, हे ठरवायला हा किंवा असाच रिसेप्टर दाखवणारा स्कॅन लागतोच.

शहरातल्या ज्या केंद्राबद्दल हे लिहिलंय, तिथे वेळेबाबत अजिबात सूट नाही, आणि ते बरोबरच आहे. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. जनरेटरमधून (गॅलियम तयार करणाऱ्या छोट्या उपकरणातून) एकदा काढलेल्या मालात दोन-तीन रुग्ण होतात, पुन्हा भरपूर साठायला तीन-चार तास जातात. निगडीहून येताना वाहतुकीत अडकलात तर तुमचा डोस सिरिंजमध्येच संपत जातो. उपाशी यायची गरज नाही, ती अट एफडीजीची, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून करतात त्या पेट स्कॅनची. महिन्यातून एकदा घ्यायचं ऑक्ट्रिओटाइड (या गाठींवरचं हार्मोनसारखं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारून पुढच्या इंजेक्शनच्या जरा आधीची तारीख घ्या. ते औषधही त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं.

इंजेक्शनचं काम चोख. वजन तोंडी विचारत नाहीत, काट्यावर उभं करतात. सिरिंज टोचण्याआधी मोजतात, नंतर उरलेलंही मोजतात. आधी सलाईन सोडून शीर चालतेय ना ते बघतात, मग औषध. हे कंटाळवाणं वाटतं, पण एसयूव्हीचा आकडा (गाठीने किती औषध शोषलं त्याचं माप) यावरच उभा असतो. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कोपरापाशी लख्ख ठिपका उमटतो आणि गाठीचा आकडा उगाच कमी येतो.

रिपोर्टमध्ये मात्र हात आखडता. इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन केला, ते लिहिलेलं नाही. मग सहा महिन्यांनी तुलना कशाशी करायची? गाठ किती उजळली ते यकृत आणि प्लीहेशी ताडून दिला जाणारा क्रेनिंग स्कोअरही गायब. स्वादुपिंडाच्या डोक्याचा अनसिनेट भाग निरोगी माणसातही उजळू शकतो. त्यावर ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ (लक्षणांशी ताडून बघा) एवढंच लिहून मोकळे. रुग्णाची झोप उडते ती इथे.

गाठ सीटीत दिसते पण उजळत नाही, तेव्हा ‘निगेटिव्ह’ वाचून खूश होऊ नका. आक्रमक गाठी हा रिसेप्टर गमावतात; अशा वेळी एफडीजी करायचा का, ते डॉक्टरांना विचारा. फिल्मवर भागवू नका, डायकॉमची (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत.