आईचं क्रिएटिनिन उतरलं आणि आम्ही फसलो

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. अशा घराला गंडवायला "मशीन सुटेल" एवढे दोनच शब्द पुरतात. ओळखीतून नंबर मिळाला आणि स्वतःला किडनीचा आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकाला आम्ही तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. पदवी विचारायचं सुचलंच नाही.

अंडी, मासे, दूध, कडधान्यं सगळं बंद. "प्रोटीनने किडनी थकते, ताई." पटलं, कारण डायलिसिसआधी डॉक्टरांनीच प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं. पण डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. दर खेपेला काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन पोटात जावं लागतं. हे नंतर कळलं.

मग त्याने रक्त तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी काम करेनाशी झाली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक, ९.४ वरून ३.६! मी रडलेच. हे रक्त डायलिसिस संपल्यावर काढायचं, असं त्याने बजावलं होतं आणि मशीनवरून उतरल्यावर तो आकडा कुणाचाही घसरतोच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे डायलिसिसआधीचा आकडाही ७ वर आला. तोही किडनी सुधारल्यामुळे नव्हे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि आईचे स्नायूच झडत होते.

साबण लावल्याशिवाय न निघणारी तिची अंगठी एक दिवस हात धुताना बेसिनमध्ये पडली. आम्ही म्हटलं, सूज उतरली! वजनाचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. मांस गेलं, त्या जागी पाणी भरलं. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, तेच धरलेलं, त्यामुळे रात्री आडवं पडलं की तिला धाप लागायची.

त्यात त्याचं ते 'खास किडनी मीठ'. डब्यावर घटकांचा पत्ता नाही. एका पहाटे आईच्या पायांत उभं राहण्याइतकंही बळ उरलं नाही. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढून ७.१, ईसीजी बिघडलेला, तातडीने डायलिसिस. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, घसरून २.८. डॉक्टर म्हणाले, अशा मिठात बहुतेक वेळा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिसवरच्या माणसाला ते विषच.

त्याला फोन केला तर, "पथ्य तुम्हीच मोडलं असणार." मग ब्लॉक.

तुमच्या सेंटरला आहारतज्ज्ञ असेल, तर खाण्यातला कुठलाही बदल आधी त्यांच्या कानावर घाला. आम्ही लपवून केलं, ती चूक आमची.

गेल्या आठवड्यात त्याची जाहिरात दिसली. दोन रिपोर्ट शेजारी शेजारी, नाव खोडलेलं, ९.४ आणि ३.६. आईचेच आहेत. रक्त काढल्याची वेळ खोडायला तो विसरलाय. पहिल्यावर सकाळी ७.१०, दुसऱ्यावर ११.४०.