ऑइल प्रेशरचा मीटर: इंजिन खोलायच्या आधी हा लावून बघा

आमच्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचा ऑइलचा दिवा रोटावेटर मारून आल्यावर स्लोला लुकलुकायचा, जरा रेस दिली की बंद. मिस्त्रींनी लांबूनच सांगून टाकलं, बेरिंग गेले, इंजिन उतरवा. अहो पण प्रेशर किती पडतंय ते तरी कळू द्या, डॅशबोर्डचा काटा तर कधीचाच मेलाय आणि दिव्याचा स्विच खराब असला तरी दिवा असाच नाचतो. म्हणून हा हातातला मीटर मागवला, हजाराच्या आत मिळाला.

लावायला सोपं आहे. ब्लॉकवरचा ऑइल स्विच काढायचा, तिथे अडाप्टर आणि पाइप बसवायचा, इंजिन चालू. इंजिन थंड असताना 4 बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) दाखवलं, मन खूश. पण थंड ऑइल घट्ट असतं, त्या रीडिंगवर जाऊ नका, तासभर लोडवर चालवून मग स्लोला बघा. आमचा काटा अर्ध्या बारवर आला, म्हणजे प्रेशर खरंच कमी होतं, स्विच खोटं बोलत नव्हता.

आता मजा बघा, ऑइलची पट्टी काढली तर लेव्हल खुणेच्या वर आणि वास डिझेलचा!! फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) डायफ्राम म्हणजे आतला रबरी पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं तिथे उतरतं, ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं. पंप बदलला, नवीन 15डब्ल्यू-40 ऑइल आणि फिल्टर टाकला, आता गरम असताना स्लोला सव्वा बार आणि रेसला 3 च्या वर. तरीही कमी राहिलं असतं तर आधी रिलीफ वॉल्वची (जास्तीचं प्रेशर सोडणारा वॉल्व) स्प्रिंग तपासायची, मग चेंबरमधली जाळी आणि ऑइल पंप, बेरिंग त्यानंतर. आमच्या ट्रॅक्टरला चेंबर काढायचा म्हणजे पुढचा एक्सलच सुटा करावा लागतो त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा. आणि ते "जाड ऑइल टाका, दिवा जाईल" वाले सल्ले ऐकू नका, दिवा जातो पण झीज चालूच राहते.

मीटरबद्दल तक्रार एकच पण मोठी. डायल 0 ते 10 बारची आहे, आपल्याला बघायचं असतं 0 ते 2 च्या मधलं आणि तिथेच रेघा इतक्या जवळ की चष्मा लावून पण अंदाजच घ्यावा लागतो, 7 बारवाला मिळत असेल तर तोच घ्या. कॉम्प्रेशन तपासायचा मीटर घरात असेल तर तो इथे चालत नाही हं, त्याची डायल फार मोठ्या प्रेशरची असते. पाइप मात्र दणकट, एक थेंब गळला नाही. अडाप्टर तीनच दिलेत आणि कुठला कशाला बसतो ते कुठेच लिहिलेलं नाही, जुना स्विच खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि आटे जुळवून घ्या, जबरदस्तीने आवळलात तर ब्लॉकचे आटे जातील.

5 पैकी 4 स्टार.