कॉरियारिकचा लष्करी रस्ता: इतिहासाला पाच तारे, सोयींना दोन

स्कॉटलंडमधल्या हायलँड्सच्या बंडखोर टोळ्यांवर वचक ठेवण्यासाठी जनरल जॉर्ज वेडने जे लष्करी रस्ते बांधले, त्यांतला कॉरियारिक खिंडीचा रस्ता सर्वांत उंचावरून जातो, सुमारे ७७० मीटरवरून. १७३१ मध्ये पाचेकशे सैनिकांनी तो काढला. पण १७४५ च्या ऑगस्टमध्ये खिंड आधी गाठली ती बंडखोरांनीच, आणि सरकारी सेनापती कोप वाट बदलून इन्व्हरनेसकडे वळला! आता हा रस्ता संरक्षित स्मारक आहे, खिंडीत मोटारींना बंदी.

खरी कमाई पूर्वेकडच्या वळशांत आहे. दगडी आधारभिंतींवर तोललेले डझनभराहून जास्त वळसे एकापाठोपाठ एक येतात. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे हे त्याच्या ९९ वर्षं आधीचं काम. बांधणी साधी होती: मऊ माती काढायची, तळाला मोठे दगड, त्यावर लहान, वर खडी. घोळ पाण्याने होतो. मोऱ्या तुंबल्या की पाणी रस्त्यावरूनच उतरतं, खडी वाहून जाते आणि तळाचे दगड उघडे पडतात. उतरताना घोटा मुरगळतो तो इथेच. पातळ तळव्याचे बूट नकोतच.

गार्व्हा पूल (१७३२, दोन कमानी, मधला खांब खडकावर) चुकवू नका, गाडी तिथपर्यंत जाते. तिथून खिंडीपलीकडचं फोर्ट ऑगस्टस गाव साधारण २५ किलोमीटर, चढ पाचेकशे मीटर, चालायला आठ तास धरा. दिशा हीच ठेवा: फोर्ट ऑगस्टसहून इन्व्हरनेस आणि फोर्ट विल्यमची बस मिळते, पूर्वेकडच्या लॅगन गावाच्या बाजूला मात्र टॅक्सी आधीच सांगून ठेवावी लागते. वाटेत हॉटेल किंवा दुकान एकही नाही. वाटेवरच्या मेलगार्व्हची बॉथी (वाटसरूंसाठी उघडी ठेवलेली साधी झोपडी) म्हणजे डोक्यावर छप्पर, बाकी काही नाही. स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह आपला.

ब्रिटनच्या सरकारी नकाशांच्या लँडरेंजर मालिकेतले ३४ आणि ३५ क्रमांकाचे नकाशे, दोन्ही लागतात. माथ्यावर ढग उतरले की विजेचे भलेमोठे मनोरेच वाटेची खूण होतात. एरवी मात्र तेच मनोरे प्रत्येक फोटोची वाट लावतात. मे महिना उत्तम. जून ते ऑगस्ट मिजेस नावाची चिलटं फोडून काढतात, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हरणांची शिकार चालते, तेव्हा रस्ता सोडून आडवाटेला जाऊ नका.