इसापनीती की पंचतंत्र? लहान मुलांसाठी बोधकथा निवडताना

मुलांना बोधकथा वाचून दाखवायच्या म्हटलं की मराठी घरात इसापनीती आणि पंचतंत्र हमखास पुढे येतात. दोन्हींत प्राणी बोलतात, म्हणून ती एकसारखीच वाटतात. पण दोन्हींचा बोध एका जातीचा नाही.

‘लांडगा आला रे आला’ घ्या. मेंढपाळाचा पोरगा उगाच ओरडून गावाला धावायला लावतो. मग खरंच लांडगा येतो आणि कुणीच येत नाही. एक चूक, तिचा एक परिणाम. चार वर्षांचं मूलही आपणहून म्हणतं, ‘तो खोटं बोलला ना!’ खाली छापलेलं तात्पर्य वाचायची गरजच उरत नाही.

आता पंचतंत्रातलं माकड आणि मगर. मगरीच्या पाठीवर भर पाण्यात गेल्यावर माकडाला कळतं, मगरीच्या बायकोला आपलं काळीज हवंय. ते म्हणतं, ‘काळीज तर झाडावरच राहिलं!’ आणि जीव वाचवतं. इथे थाप मारणाराच शहाणा ठरतो. हा गोष्टीचा दोष नव्हे. विष्णुशर्म्यानं अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना राजनीती आणि व्यवहार शिकवायला या गोष्टी सांगितल्या, अशी ग्रंथाची चौकटच आहे. शत्रूच्या हातून सुटावं कसं, हा त्यांचा विषय. पण चार वर्षांच्या मुलाला आज लांडगा आणि उद्या माकड वाचून दाखवलंत, तर ते गोंधळणारच. सहा-सात वर्षांचं मूल मात्र ‘मग माकडानं खोटं बोललेलं चालतं का?’ असं विचारेल, आणि त्यावर तुमच्या छान गप्पा होतील.

म्हणून पाच वर्षांपर्यंत माझा कौल इसापनीतीला, तोही निवडून. सिंह आणि उंदीर, ससा आणि कासव जरूर वाचा. मुंगी आणि नाकतोडा मी मागे ठेवेन. कष्टाचा बोध खरा, पण भुकेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवणारी मुंगी लहान मुलापुढे आदर्श म्हणून ठेवायला माझं मन घेत नाही.

पंचतंत्रातली एक गोष्ट मात्र याच वयात सांगा: चित्रग्रीव कबुतराची. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरं एकदम झेप घेतात आणि जाळ्यासकट उडून जातात. एकीचा बोध इथवर सगळेच सांगतात. पुढचा भाग गाळू नका. हिरण्यक उंदीर आधी आपल्या मित्राचे, चित्रग्रीवाचे, पाश कुरतडायला लागतो, तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव. राजा असून तो शेवटी सुटतो. मुलांना हे फार भावतं.

तीनच्या आतल्यांना चिऊ-काऊ पुरे. ‘श्यामची आई’ची घाई नको, आठ-नऊच्या पुढे ती खरी पोचते.

दुकानात पंचतंत्राची आवृत्ती चाळताना आधी मुंगसाची गोष्ट उघडा. बाळाला सापापासून वाचवणारं मुंगूस आईच्या अविचारानं मरतं, ही मूळ गोष्ट. काही पुस्तकांत ते शेवटी वाचतं. मग आईच्या अविचाराची किंमत कुणीच मोजत नाही आणि बोधाला वजन राहत नाही. अशी आवृत्ती घेऊ नका. मूळ शेवट असलेली घ्या आणि तेवढी एक गोष्ट मूल सात वर्षांचं होईपर्यंत राखून ठेवा.