रानपिंगळा की साधा पिंगळा: लोक कोणाकडे ओढले जातात?

दोन्ही छोटी घुबडंच. रानपिंगळ्याची ओढ त्याच्या इतिहासामुळे. १८८४ नंतर ११३ वर्षं खात्रीची नोंद नाही आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला! शिवाय तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो, म्हणजे फोटोची सोय. गोची तिथेच आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की तो हद्द राखायला धावतो. शिकार आणि ढोली दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. हे थांबायलाच हवं.

साधा पिंगळा गावातल्या निंबावर, पडक्या भिंतीत असतोच. तिन्हीसांजेला जोडीचा कलकलाट ऐकू येतो, पण कुतूहलाआधी अपशकुनाची भीती येते. त्यावर उपाय सोपा: ढोलीखाली पडलेल्या, त्याने ओकलेल्या सुक्या गोळ्या काडीने उकला. उंदरांची हाडं, किड्यांची कवचं निघतात. शेतकऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

ओळखताना डोकं बघा. साध्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके, रानपिंगळ्याचं जवळपास कोरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. बातमी आणि निधी रानपिंगळा आणतो, पण शाळेतल्या पोरांना पक्ष्यांची गोडी लावायची तर सुरुवात साध्या पिंगळ्यापासूनच करावी.